उतारावर सीट नसते

पुण्यात वाढलेल्या माणसाला ‘सायकल येते का’ असं विचारणं म्हणजे त्याचा थोडा अपमानच. आधी नळीखालून पाय घालून शिकलो, मग लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीतून दप्तरासकट वाट काढली. आता यात शिकायचं राहिलंय काय? त्यामुळे मेघना म्हणाली, “वेताळ टेकडीवर येतेस का? माझी जुनी माउंटन बाइक देते,” तेव्हा मी फक्त वेळ विचारली.

सकाळी सायकल हातात घेतल्या घेतल्या सवयीने टायर दाबून पाहिला. अंगठा आत गेला. मी पंप शोधू लागले, तर ही म्हणते, “राहू दे. हवा मीच काढलीये.” शहरातल्या सायकलमध्ये 60-70 पीएसआय दाबाने हवा भरतात, हिच्या टायरमध्ये जेमतेम 25. टणक टायर दगडावरून उडतो, मऊ टायर दगडाला बिलगून वर चढतो. ऐकायला पटलं, पण पंक्चर वाटणाऱ्या सायकलवर बसायला मनाची तयारी लागतेच.

एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेपर्यंतच्या डांबरी चढाने मला फसवलं. साखळीच्या पुढच्या चक्राला 32 दात आणि मागच्याला 50, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक पाऊण फेरासुद्धा फिरत नाही. वेग गोगलगायीचा, पण धाप लागत नाही, त्यामुळे आपल्याला जमतंय असं वाटतं. डांबर संपलं आणि मुरूम सुरू झाला. जरा तीव्र चढ आल्यावर मी उड्डाणपुलावर उभी राहते तशी पॅडलवर उभी राहिले. मागचं चाक जागच्या जागी गरगरलं आणि मी बाजूच्या गवतात. “उभी नको राहूस गं! सीटच्या टोकावर बस आणि छाती हँडलकडे ने.” वजन मागच्या चाकावरून उठलं की ते माती सोडतं, फार मागे सरकलं की पुढचं चाक हवेत जातं. या दोहोंच्या मध्ये वितभर जागा आहे आणि चढ संपेपर्यंत तिथेच राहायचं असतं. मला ते साधलं नाही. मी सायकल ढकलत निघाले. मागून येणारे, कानटोपी घातलेले एक काका आम्हाला ओलांडून जाताना अत्यंत शांतपणे म्हणाले, “ताई, ढकलायचीच होती तर खाली ठेवून यायचीत.” या टेकडीवर मोर दिसतात म्हणून लोकांना कौतुक, पण मला तिथले काका जास्त अस्सल वाटतात.

वेताळाच्या देवळापाशी पाणी प्यायलो. शहरातली ही सर्वांत उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट झिजून, फुटून हा मुरूम झालाय. पावसात तो दबून बसतो, दिवाळीनंतर सुटा होतो. सांडलेल्या ज्वारीवरून चालल्यासारखं वाटतं. मेघनाने मला नेमकं दिवाळीनंतर आणलं होतं. मोज्यांत शिरलेली कुसळं मी एकेक करून काढत बसले, कारण समोर उतार होता.

उतारासाठी तिने हँडलजवळचा एक खटका दाबला आणि माझी सीट फस्सकन खाली गेली. “आता सीट नाही असं समज.” दोन्ही पॅडल जमिनीला समांतर, टाचा खाली, गुडघे आणि कोपर वाकलेले, आणि बूड हवेत. लहानपणी सायकलवर बसायला शिकले, चाळिशी उलटल्यावर न बसायला. शिवाय ब्रेक! आमच्या पिढीला एक मंत्र पाठ होता: पुढचा ब्रेक दाबायचा नाही, तोंडावर पडशील. इथे नेमकं उलट. ब्रेक लावला की वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं आणि लगेच अडकून घसरतं. खरं थांबवतं ते पुढचंच. फक्त एका बोटाने, हळूहळू दाबायचं आणि ढिल्या मुरमावर, वळणात तर अजिबात नाही. मागचं चाक फरफटवणं ही बहादुरी नाही, तो असंस्कृतपणा आहे, असं मेघनाचं मत. वाटेवर चर पडतो, पुढच्या पावसात त्याची घळ होते आणि नंतर त्यात चालणाऱ्यांचे पाय मुरगळतात. चालणारा दिसला की थांबायचं, हा तिचा दुसरा नियम. मला तो फार आवडला, कारण थांबायला निमित्त मिळत होतं.

या खेळाचा जन्मच ब्रेकच्या हालातून झालाय. कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स गावाजवळ 1976 साली काही पोरांनी जुन्या, आपल्या दूधवाल्यांच्या सायकलींइतक्या जड सायकली डोंगरावर नेऊन शर्यती लावल्या. दोन मैलांत 1300 फूट उतार. ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात, तोही पॅडल उलटं मारून लावायचा. खाली पोचेपर्यंत आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि दर वेळी नवं भरावं लागे. त्यावरून त्या रस्त्याला ‘रिपॅक’ हेच नाव पडलं. वीस वर्षांनी, 1996 मध्ये, हाच वेडेपणा अटलांटा ऑलिम्पिकमध्ये गेला. माझ्या हातात हायड्रॉलिक डिस्क ब्रेक होते, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

पाषाणच्या बाजूला उतरताना वाटेत एक दगड होता. मोठा नव्हता, पण एकटाच होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि सायकल शिस्तीत त्याच्याकडे निघाली. “दगडाकडे नाही, वाटेकडे बघ!” मेघना ओरडली. मान वळवली तशी सायकलही वळली, हँडलला मी काहीच केलं नव्हतं. एवढ्या वर्षांत रस्त्यांवरचे सगळे खड्डे मी नेमके का गाठले, हे तेव्हा कळलं. पुढचे दहा मीटर बघत राहिलं की पायाखालचं आपोआप निघून जातं. दोन-तीन पायऱ्यांसारखे दगड मी न उतरता, सायकलवरूनच पार केले. त्यात शौर्य किती आणि मऊ टायरांची कृपा किती, हे विचारू नये.

दुसऱ्या दिवशी मला चमचा धरवेना. पाय ठणठणीत, तळवे आणि मनगटं मात्र भरून आली होती. मेघनाला फोन केला. ती सहानुभूती दाखवेल अशी अपेक्षा होती.

“म्हणजे हँडल आवळून धरलं होतंस,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी मांड्या दुखल्या पाहिजेत.”