आमची वाटचाल: कुंपणातली निर्गुडी

आमच्या घराला कुंपण निर्गुडीचं. शेळ्या तिला तोंड लावत नाहीत, एवढाच तिचा उपयोग असं मला लहानपणी वाटायचं. शेतातल्या लावणीहून आई परतली की आजी तोच पाला तव्यावर गरम करून तिच्या गुडघ्यांना बांधायची, ते रोज बघूनही.

पंधरा वर्षांपूर्वी माझी नोकरी सुटली आणि निर्गुडीचं तेल करून विकायला पडवीत चूल मांडली. पहिल्या खेपेच्या चाळीस बाटल्या महिन्याभरात खवट झाल्या. बाटल्या परत आणून देणारे ओळखीचेच, त्यामुळे लाज जास्त. शेवटी गावातल्या वृद्ध वैद्यांकडे गेलो. त्यांनी प्रमाण विचारलं. मी बरोबर सांगितलं: कल्क, म्हणजे वाटलेल्या पाल्याचा गोळा, एक भाग, तेल चार, काढा सोळा. म्हणजे दहा लिटर तिळाच्या तेलाला अडीच किलो कल्क नि चाळीस लिटर काढा. ते म्हणाले, "मग घाई केलीस. पाणी राहिलं." कल्काची बोटांत वात वळली पाहिजे, ती विस्तवावर टाकली तर तडतडता कामा नये. आणि तूप सिद्ध होताना फेस बसतो, तेल सिद्ध होताना फेस येतो. आजही कढईपाशी मी स्वतःच उभा राहतो. हे काम दुसऱ्यावर सोपवणं मला जमलेलं नाही.

परवान्याचे हेलपाटे सगळ्यांनाच असतात, ते सोडा. खरी कटकट लेबलाची. "संधिवातावर रामबाण" छापा, असं एका व्यापाऱ्याने सांगितलं. औषधांच्या जाहिरातींबद्दलच्या 1954 च्या कायद्याने तशी जाहिरातच करता येत नाही. तो गेला. दुसऱ्याने तर चूर्णात वेदनाशामक गोळ्या कुटून घालायला सुचवलं, "गिऱ्हाईक हमखास परत येतं" म्हणे. त्याला मीच दार दाखवलं.

गुग्गुळाच्या झाडाच्या डिंकाचा लेपही करायचो, तो बंद केला. राजस्थान-गुजरातेत डिंकासाठी वेड्यावाकड्या खाचा पाडून ती झाडंच संपत आली आहेत. निर्गुडीचं तसं नाही. छाटली की पुन्हा फुटते. पाला गावातल्या बायका आणतात, सावलीत वाळवतात.

मागच्या आठवड्यात एकांचा फोन आला. गुडघा लाल, गरम, सुजलेला, अंगात ताप. तेल लगेच पाठवा म्हणाले. म्हटलं, काका, तेल राहू द्या, आजच डॉक्टर गाठा. त्यांच्या नावाची बाटली अजून फळीवरच आहे.