नवतप्यातली बैठक

मे अखेर, रात्री साडेनऊ

रोहिणी लागली, नवतपा, म्हणजे उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू झाला. पारा ४५ च्या वर गेला की नागपुरात दिवसाचं वेळापत्रकच फिरतं. कामं पहाटे उरकायची, दुपारी दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, बाहेर पडायचंच झालं तर डोक्याला दुपट्टा बांधून. माझी ध्यानाची वेळही या दिवसांत अलीकडे ओढते. पावणेपाचला कूलर बंद करून बसते. कूलर चालू असला की अंगाला बरं वाटतं, पण त्या घरघरीत बारीक श्वास हाती लागत नाही.

कूलर बंद झाला की थोड्याच वेळात घाम सुटतो. आज कानशिलापाशी एक थेंब जमत होता. आधी नुसती ओल. मग त्याला वजन आलं, तो सुटला, गालावरून घरंगळला आणि हनुवटीच्या जरा वर येऊन अडला. तिथे खाज उठली. हात वर जायला निघालाच होता. तो मांडीवरच राहू दिला आणि खाज पाहत बसले. ती वाढली, एकाच बिंदूत गोळा झाली, मग पसरली आणि कधी विरली ते नेमकं सांगता येणार नाही. संवेदना जाणायची, तिच्यामागे धावायचं नाही, तिला हाकलायचं नाही, ती बदलते आहे एवढं पाहायचं. विपश्यनेच्या शिबिरात ऐकलेलं हे सगळं मे महिन्यात अंगावर उतरतं. म्हणून उन्हाळ्यातली बैठक मला सगळ्यात प्रिय आहे. थंडीत घोंगडी पांघरून बसताना इतकं लख्ख काही समोर येत नाही.

शिबिर मी इथेच, कळमेश्वर रोडकडे माहुरझरीच्या धम्म नाग केंद्रावर केलं. दहा दिवसांचं. पहाटे चारची घंटा, आर्य मौन, पहिले साडेतीन दिवस नुसतं आनापान, म्हणजे नाकाच्या टोकाशी येणारा-जाणारा श्वास जाणत राहणं, मग विपश्यना, म्हणजे अंगभर उठणाऱ्या संवेदना नुसत्या पाहत राहणं. फी नाही, पूर्ण शिबिर केलेल्यानेच दान द्यायचं, तेही स्वतःच्या इच्छेने. निघताना सांगतात, घरी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा. तिथे दिवसभर बसणं जमतं, कारण तिथे स्वयंपाक दुसरं कोणी करतं, घंटा दुसरं कोणी वाजवतं आणि फोन जमा केलेला असतो. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी नळ येतो, डबा असतो, सासूबाईंच्या गोळ्या असतात. माझ्या मते साधना खरी सुरू होते ती तिथून.

या बाबतीत मला सगळ्यात जास्त बळ सयाजी ऊ बा खिन यांच्या आयुष्याने दिलं. ही शिबिरं सुरू करणारे सत्यनारायण गोयंका ज्यांच्याकडे शिकले ते हे गुरू. भिक्खू नव्हते, गृहस्थ होते. सरकारी नोकरीत होते, आणि १९४८ मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर तिथले पहिले अकाउंटंट जनरल झाले. ध्यान त्यांनी १९३७ मध्ये सया थेटजी यांच्याकडून घेतलं, तेही भिक्खू नव्हते, शेतकरी होते. ऊ बा खिन यांनी आपल्या कार्यालयातल्या माणसांनाही साधना शिकवली. १९५२ मध्ये रंगूनला केंद्र उभं केलं, तरी नोकरी चालूच होती, एका वेळी एकाहून अधिक खात्यांची जबाबदारी होती. मीही हिशेबाच्याच खात्यात आहे. मार्च एंडला टेबलावर फायलींची चळत लागते तेव्हा हे आठवतं. जिल्ह्याची बिलं तपासणाऱ्या बाईला वेळ नाही असं म्हणायला मग जीभ रेटत नाही.

मार्चमध्ये संध्याकाळचा तास होत नाही. अशा वेळी झोपण्याआधी दहा मिनिटं बसते. बैठक आखूड झाली तरी चालेल, पण चुकवायची नाही, कारण चुकवलेल्या एका दिवसाला जोडून दुसरा फार सहज येतो. सकाळी बसण्याआधी फोन हातात घेत नाही. आणि अमुक दिवस सलग झाले म्हणून शाबासकी देणारी अ‍ॅप मला नकोशी वाटतात. आकडा जपायच्या नादात श्वास राहून जातो.

खरं सांगायचं तर माझी बैठक टिकली ती सासूबाईंमुळे. सुरुवातीला त्या आतून हाका मारायच्या, दूधवाला आला, गॅस संपला. एका रात्री त्यांच्याजवळ बसून सांगितलं, आई, सकाळचा एवढा वेळ मला लागतो, तो मिळाला की दिवसभर मी चिडत नाही. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दूध त्या घेतात. बैठकीच्या शेवटी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं होवो अशी भावना, करते तेव्हा पहिली त्यांच्यासाठी करते.

आमच्याकडे वंदना रोज होते, पंचशील लेकरांनाही पाठ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजी दीक्षाभूमीवर होती, तेव्हापासून हे घरात आहे. पण वंदनेनंतर डोळे मिटून थोडं बसणं आमच्या आळीतल्या फार थोड्या घरांत दिसतं, आणि याची मला मनापासून हळहळ वाटते. काल नळावर शेजारच्या मावशींनी आपणहून विषय काढला. "एवढ्या गरमीत बी बसते का वो तू? मले तं डोळे मिटले का झोपच येते."

त्यांना मोग्गल्लानांची गोष्ट सांगितली. ते बुद्धांच्या दोन प्रमुख शिष्यांपैकी एक, आणि त्यांनाही साधनेत डुलकी येत होती. बुद्धांनी त्यांना एकामागून एक उपाय सांगितले: ऐकलेल्या धम्माचं चिंतन कर, तो मोठ्याने म्हण, कानाच्या पाळ्या ओढ, अंग चोळ, उठून डोळ्यांना पाणी लाव आणि ताऱ्यांकडे पाहा, मनात उजेडाची भावना कर, येरझारा घाल. इतक्यानेही झोप गेली नाही तर उजव्या कुशीवर निजून जा, जाग आली की लगेच ऊठ. अंगावर ओरडणं नाही, लाज काढणं नाही. झोप हा पाच नीवरणांपैकी, म्हणजे साधनेतल्या अडथळ्यांपैकी, एक आहे, सगळ्यांच्याच वाट्याला येणारा, म्हणून तिच्यावर इतके उपाय. बादली भरून वाहत होती तरी मावशी ऐकत उभ्या होत्या.

"मंग मी बी बसून पायतो," म्हणाल्या.

रविवारी पहाटे त्या आमच्या गच्चीवर येणार आहेत. गुडघे दुखतात, म्हणून त्यांच्यासाठी खुर्ची वर नेऊन ठेवायची आहे. नुसतं आनापान, आणि पहिल्या दिवशी दहा मिनिटांच्या वर बसू द्यायचं नाही.