तुम्ही विचारलंत म्हणून : फिट घराण्यातून येते का?

मिरजेत आमचे औषधांचे दुकान आहे. गावात दवाखान्यांची दाटी असल्यामुळे जत, कवठेमहांकाळपासून थेट अथणी-विजापूरपर्यंतची माणसे चिठ्ठी घेऊन इथे येतात. फिटच्या गोळ्या नेणाऱ्यांपैकी अनेकांना त्याच गोळ्या त्यांच्या गावातही मिळू शकतात. पण गावातल्या दुकानदाराला कळले की गल्लीला कळते, म्हणून ते एसटीचा खर्च सोसतात. पैसे दिले, पिशवी हातात आली आणि मागे ओळखीचे कोणी उभे नाही याची खात्री झाली, की हलक्या आवाजात प्रश्न येतो, "ह्ये पुढं पोरांना लागतंय का ओ?" मी डॉक्टर नाही, औषधनिर्माणशास्त्र शिकलेला दुकानदार आहे, परंतु हा प्रश्न इतक्यांदा आला की त्यावर वाचणे आणि जाणत्या डॉक्टरांना विचारणे भाग पडले. काउंटरवर दोन वाक्यांत जे सांगता येत नाही, ते इथे लिहितो.

सर्वसाधारणपणे 100 मुलांपैकी एखाद्याला विशीच्या आत अपस्मार, म्हणजे पुन्हा पुन्हा फिट येण्याचा आजार, होतो, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरात आधी कोणालाही तो झालेला नसतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला अपस्मार असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता 100 मागे साधारण 2 ते 5 इतकी होते. धोका वाढतो हे खरेच आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण उरलेल्या पंचाण्णवांना काही होत नाही, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे. शिवाय हा आकडा सगळ्यांना सरसकट लावता येत नाही. वडिलांना अपघातात डोक्याला मार लागून फिट येऊ लागल्या असतील, तर त्या मुलाची गोष्ट जवळजवळ चारचौघांसारखीच असते. म्हणून वंशाचा विचार करण्याआधी फिट का येते, हे पाहावे लागते.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी बोलतात. ते संदेश काही क्षण एकाच वेळी, आवर सुटल्यासारखे उसळतात तेव्हा फिट येते. ही उसळी ज्यामुळे घडते ती कारणे पुष्कळ आहेत. बाळंतपण लांबले, बाळ जन्मल्यावर लगेच रडले नाही आणि त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, तर पुढे फिट येऊ शकतात. "जन्मापासून आहे, म्हणजे रक्तातच असणार," असे घरचे म्हणतात. प्रत्यक्षात ती बाळंतपणातली इजा असते. उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर रात्री दुचाकी आदळते आणि डोके फुटते. त्या जखमेची फिट कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही येते, तोवर अपघात विसरला गेलेला असतो. म्हातारपणी पक्षाघातानंतर, मेंदूज्वरानंतर, मेंदूतल्या क्षयाच्या गाठीमुळे, दारूमुळेही फिट येतात. जवळजवळ निम्म्या रुग्णांत तपासण्या करूनही कारण हाती लागत नाही, आणि ज्या घरात कारण सापडत नाही तिथे मग अमावास्या, करणी आणि घराणे यांच्यावर खापर फुटते.

आपल्याकडे आढळणारे एक कारण मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ते ऐकून माणसे रागावतात. मेंदूच्या स्कॅनमध्ये लहानशी गाठ दिसते आणि डॉक्टर सांगतात की ही डुकरातून पसरणाऱ्या पट्टकृमीची अळी आहे. एक माळकरी गृहस्थ तो रिपोर्ट माझ्यासमोर आपटून म्हणाले होते, "आमच्या घरात तीन पिढ्या माळ हाय, आमी अंड्याला शिवत न्हाई." त्यांचे खरे होते आणि डॉक्टरांचेही. अर्धवट शिजलेले डुकराचे मांस खाल्ले तर आतड्यात पट्टकृमी वाढतो. परंतु मेंदूत अळी जाते ती त्या कृमीच्या अंड्यांमुळे, आणि ही अंडी कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावरच्या घाणीतून किंवा सांडपाण्यातून ती कोथिंबिरीवर, मेथीवर, कोबीवर येतात, नाहीतर न धुतलेल्या हातांतून ताटात येतात. त्यामुळे शुद्ध शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. एकाच स्वयंपाकघरात जेवणाऱ्या दोघा भावांना तो झाला, तर बघणाऱ्याला तो वारसा वाटतो. अशी एकच गाठ पुष्कळदा औषधांनी किंवा आपोआप विरून जाते आणि काही काळाने डॉक्टर फिटच्या गोळ्याही थांबवू शकतात. ती कर्करोगाची गाठ नसते, एवढे सांगितले तरी समोरच्याचा चेहरा बदलतो.

आता खरोखर घराण्यात चालणाऱ्या अपस्माराविषयी. काही प्रकारांत अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा मिळून मेंदूची फिटकडे झुकण्याची प्रवृत्ती तयार होते. ऐन तारुण्यात सुरू होणारा एक प्रकार असा आहे, की सकाळी उठल्यावर हातांना अचानक हिसके बसतात, चहाचा कप हातातून उडतो आणि घरचे त्याला धांदरटपणा समजतात. यात काही कुटुंबांत जवळच्या नातेवाइकांनाही फिट आलेल्या असतात. तापात येणाऱ्या लहान मुलांच्या फिटही भावंडांत दिसतात. त्या सहा महिने ते पाच वर्षे या वयात येतात आणि त्यांतल्या बहुतेक मुलांना पुढे अपस्मार होत नाही. याउलट, तान्हेपणी सुरू होणाऱ्या काही गंभीर प्रकारांत एकाच जनुकात दोष असतो, पण तो बहुधा गर्भधारणेच्या वेळी नव्याने निर्माण झालेला असतो आणि आई-वडील दोघांतही नसतो. तिथे सासू सुनेच्या माहेराकडे बोट दाखवते, ते निखालस चूक असते.

बोट दाखवायचेच असेल तर आपल्या सोयरिकींकडे दाखवावे. सांगली-सातारा भागात मामाची मुलगी करण्याची रीत अजून आहे. अशा जोडप्यात जनुकांचा सुमारे आठवा हिस्सा समान असतो. काही दुर्मीळ आजार असे असतात, की दोष एकाच बाजूने आला तर कळतही नाही, पण दोन्हीकडून आला तर मूल आजारी पडते; आई आणि वडील दोघेही असे वाहक असतील, तर दर खेपेला चारात एक अशी शक्यता असते. अपस्माराचे काही कठीण प्रकार यात मोडतात. माझ्या मते सोयरीक जुळवताना अनोळखी घरातल्या मुलीच्या गोळ्यांची जेवढी चौकशी होते, त्याच्या निम्मी तरी या बाबतीत व्हायला हवी.

लग्नाच्या गोष्टीवरून आणखी एक. हिंदू विवाह कायद्यात लग्नाला अपात्र ठरवणाऱ्या गोष्टींत पूर्वी अपस्माराचा उल्लेख वेडेपणाच्या शेजारी होता. 1999 च्या दुरुस्तीने तो काढून टाकला. माणसे मात्र लपवत राहिली. मुलीच्या गोळ्या लग्नाच्या आठवड्यात बंद होतात, कारण त्या पाहुण्यांनी भरलेल्या घरात घ्यायच्या कशा? त्यात हळद, पहाटेचा मुहूर्त आणि वर गोंधळाचे रात्रभर जागरण. गोळी चुकणे आणि झोप मोडणे ही फिट येण्याची दोन हमखास निमित्ते आहेत. फिट सासरच्या उंबऱ्यावर येते आणि लगेच निवाडा होतो की हिच्या घराण्यातच आहे.

आणि ज्या बायका मूल होण्याविषयी विचारतात, त्यांना मी वंशाआधी गोळीचे नाव विचारतो. व्हॅल्प्रोएट हे औषध गरोदरपणात घेतल्यास 100 पैकी साधारण 10 बाळांत जन्मजात व्यंग असू शकते, आणि 30 ते 40 मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी दिसतात. वारशाच्या 2-5 टक्क्यांपेक्षा हा धोका मोठा आहे, आणि तो टाळता येण्याजोगा आहे. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नये, कारण मोठी फिट आई आणि बाळ दोघांनाही घातक ठरू शकते. दिवस राहण्याच्या आधीच मेंदूच्या डॉक्टरांकडे जावे. ते शक्य असेल तिथे तुलनेने सुरक्षित औषध देतात आणि फॉलिक अ‍ॅसिड सुरू करतात. जाताना जुन्या चिठ्ठ्या आणि स्कॅन बरोबर न्यावेत, आणि दोन्ही घरांत कोणाला, कोणत्या वयात, कशी फिट आली होती, हे लिहून न्यावे.