लॉकरच्या खोलीतली दहा मिनिटं

काकूंचा मोबाईल काकूंच्या हातात नव्हता. माझ्या लक्षात सगळ्यात आधी आलं ते हे.

२०१९ चा फेब्रुवारी, महिन्याचा पहिला आठवडा, म्हणजे पेन्शनवाल्यांची गर्दी. आमची शाखा इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीजवळची. शटर वर गेलं की पोहे-जलेबी खाऊन, पासबुकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आजी-आजोबा हजर. काकू त्यांतल्याच. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. एफडीचं व्याज माझ्या कॉम्प्युटरआधी त्यांच्या तोंडी तयार असायचं. एकदा त्यांचा टीडीएस चुकून कापला गेला, तेव्हा 'कर कापू नका' असं सांगणाऱ्या १५एच फॉर्मची पोच मॅनेजरच्या टेबलावर ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या होत्या, "वाचा." संक्रांतीला तिळाच्या वड्यांचा डबा आम्हां सगळ्यांसाठी यायचा. त्या वर्षी आला नव्हता. आम्हीही कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांच्यासोबत दोन बायका होत्या, फिक्या बदामी साड्यांतल्या, चाळिशीच्या आतबाहेरच्या, अतिशय गोड बोलणाऱ्या. एकीनं काकूंचा दंड धरला होता, दुसरीच्या हातात फाईल आणि मोबाईल. तो काकूंचाच, कारण त्याच्या कव्हरवर नातवाचा फोटो होता. मी काकूंना विचारायचं आणि उत्तर शेजारून यायचं.

"काकू, बसा ना. तब्येत कशी आहे?"

"माताजी को थोड़ी जल्दी है, मैडम."

फाईलमध्ये सगळं भरून तयार. पाच एफडी मोडायच्या, एकूण साडेअठरा लाख. रक्कम आरटीजीएसनं एका ट्रस्टच्या खात्यात. खात्याचा मोबाईल नंबर बदलायचा. नॉमिनी बदलायचा. नॉमिनी माणूसच लागतो, संस्था चालत नाही. म्हणून त्या रकान्यात मुलीच्या जागी फाईलवाल्या ताईंचं नाव होतं. खाली काकूंची सही. अक्षर तेच, फळ्यावर शोभेल असं.

मी पासबुक प्रिंटरमध्ये घातलं. दीड वर्ष ते कुणी भरून घेतलं नव्हतं, त्यामुळे कर्रकर्र करत पानंच्या पानं छापली गेली आणि मी ती तिथेच वाचली. काका २०१७ च्या पावसाळ्यात गेले होते. ऑगस्टमध्ये पहिली नोंद, ५०१ रुपये. सप्टेंबरमध्ये ११००. मग दर महिन्याला ११००, अगदी विम्याच्या हप्त्यासारखे. दिवाळीनंतर ५१००. जानेवारीत २१,०००. पुढच्या उन्हाळ्यापासून पेन्शन जमा झाली की दुसऱ्याच दिवशी त्यातले २५,००० गायब. डिसेंबरमध्ये विजेच्या बिलाचा चेक परत गेलेला, खात्यात पैसे नाहीत म्हणून! ज्या बाईनं आयुष्यात एक चेक परत जाऊ दिला नसेल, तिचा.

लोक म्हणतात, अमक्याला भुरळ पडली आणि त्यानं सगळं देऊन टाकलं. भुरळ-बिरळ मला त्या पानांत दिसली नाही. दिसली ती चढण, आणि प्रत्येक पायरी मागच्या पायरीपेक्षा जेमतेम वीतभर उंच. पुढे या विषयावर मिळेल ते वाचायला लागले तेव्हा कळलं, की हे कुणीतरी मोजूनही ठेवलंय. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्रीडमन आणि फ्रेझर या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या घरमालकांना विचारलं, "गाडी जपून चालवा अशी भलीमोठी ओबडधोबड पाटी तुमच्या अंगणात लावू का?" शंभरात सतराच जण हो म्हणाले. पण ज्यांच्याकडून दोन आठवडे आधी त्याच विषयावरची एक चिमुकली पाटी लावण्यापुरता होकार घेतला होता, त्यांच्यातले शहात्तर टक्के मोठ्या पाटीलाही तयार झाले. काकूंचे ५०१ रुपये म्हणजे ती चिमुकली पाटी. साडेअठरा लाख कुणी पहिल्या दिवशी मागितले असते, तर त्यांनी पोलिसांना फोन केला असता.

नवा मोबाईल नंबर टाकला आणि स्क्रीनवर सूचना आली, की हा नंबर आणखी चार ग्राहकांच्या खात्याला जोडलेला आहे. चारही खाती उघडून पाहिली. चौघी बायका, चौघी साठीच्या पुढच्या, चौघींना फॅमिली पेन्शन. म्हणजे चार विधवांचे ओटीपी एकाच फोनवर जात होते आणि आमच्याच शाखेनं कधी ना कधी ते फॉर्म घेतले होते. एकावर तर माझीच सही होती. पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू.

मॅनेजरना हळूच जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "कस्टमर सज्ञान आहे, शुद्धीत आहे, सही जुळतेय. आपण कोण थांबवणारे?" त्यांचंही चूक नव्हतं. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आमच्या मध्य प्रदेशात तसा नाही. आणि असता तरी इथे ना अंगारा होता ना भूत. होत्या त्या फक्त दोन प्रेमळ बायका आणि बिनचूक भरलेले फॉर्म. पण बँकेच्या परीक्षांसाठी घोकलेलं कलम मला आठवलं. १८७२ च्या करार कायद्याचं सोळावं, अनुचित प्रभावाचं. वय, आजार किंवा मनाचा ताण यांनी खचलेल्या माणसाच्या इच्छेवर दुसरा स्वार झाला, तर ती सही खरी असूनही खरी राहत नाही. आपल्या आत्म्याचं परलोकात भलं व्हावं म्हणून एका म्हाताऱ्यानं सगळी मिळकत गुरूला देऊन टाकली होती, ते दानपत्र अलाहाबादच्या हायकोर्टानं १८९० मध्ये रद्द केलं होतं. पण कोर्टात कोणी जायचं? मी तर काउंटरमागची एक ऑफिसर.

परत येऊन म्हटलं, "काकू, तुमचा लॉकर फार दिवसांत उघडलेला नाही. आलाच आहात तर उघडून जा, रजिस्टरवर सही होईल." ही गोष्ट खरीच होती; त्याच दिवशी उघडायची निकड नव्हती, एवढंच. ताई सोबत उठल्या. गार्ड शर्माजी दारात आडवे झाले. "लॉकर जिसका, वही जाएगा, दीदी." मी त्यांना कधी हे सांगितलं नव्हतं. माणूस पंचवीस वर्षं दारात उभा राहतो तेव्हा त्याला दिसत असतं.

लॉकरला दोन चाव्या लागतात, एक बँकेची, एक ग्राहकाची. मी माझी फिरवली. काकूंची चावी पर्समध्ये सापडेना. हात थरथरत होते. शेवटी ती ब्लाउजच्या आत, गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला निघाली. म्हणजे ही एक वस्तू त्यांनी लपवून ठेवली होती. ती चावी मी अजून विसरलेले नाही.

आत पाटल्या, मंगळसूत्र, चांदीची अत्तरदाणी आणि काकांचं एचएमटीचं घड्याळ. काकूंनी घड्याळाला चावी दिली. ते सुरू झालं. मग त्या स्टुलावर बसल्या.

मी म्हटलं, "काकू, ताईंची भीती वाटते का?"

"भीती? अगं, त्यांच्यामुळे मी जिवंत आहे." आवाज एकदम कडक, वर्गातला. "ह्यांचं तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी घर रिकामं. लेकीची रजा संपली. तिनं व्हिडिओ कॉल केला. ह्या दोघींनी माझ्या पायांना तेल लावलं. दोन महिने रोज डबा आणला. तू आली होतीस?"

मी गेले नव्हते. त्यांचं घर बँकेच्याच रस्त्यावर असून गेले नव्हते.

मग हळूहळू बोलल्या, तुटक. सकाळी चारला उठायचं, रात्री अकरापर्यंत सेवा. टीव्ही नाही, पेपर नाही. फोन ताईंकडे, "मन विटाळतं" म्हणून. लेकीला आता "जुनं घर" म्हणायचं. मनात प्रश्न आला की त्याला "गाठ" म्हणायचं, आणि गाठ असलेल्याला पुढची पायरी नाही. गणिताच्या मास्तरीण त्या, जिनं तीस वर्षं पोरांना "शंका विचारा रे" म्हणून सांगितलं! आणि दर गुरुवारी वही. आठवड्यातले दोष लिहायचे, सगळ्यांसमोर वाचायचे, वही तिथेच ठेवायची.

"त्यात मी ह्यांच्याबद्दल लिहिलंय," त्या म्हणाल्या. घड्याळ मुठीत होतं. "शेवटच्या महिन्यात मी देवाला म्हटलं होतं, आता ने बाबा यांना, मला होत नाही. ते त्यांच्याजवळ आहे. लेकीला कळलं तर?"

चीनमधल्या तुरुंगांतून सुटून हाँगकाँगला आलेल्या माणसांशी बोलून रॉबर्ट लिफ्टन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं १९६१ मध्ये मन वळवण्याच्या या यंत्रणेची आठ लक्षणं मांडली. बाहेरच्या जगाशी बोलणं बंद करणं, सतत कबुलीजबाब घेणं, आणि भाषाच अशी बदलणं की शंकेला शब्दच उरू नये, ही त्यातली तीन. मी ते पुढे वाचलं. त्या खोलीत मला कळलं ते इतकंच, की ही बाई पैशानं बांधलेली नाही, एका वहीनं बांधलेली आहे.

मी काही शहाणपणाचं बोलले नाही. म्हटलं, "माझी सासू अंथरुणाला होती तेव्हा मीही असंच म्हटलं होतं." ते खरं होतं. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग घड्याळ आत ठेवलं आणि म्हणाल्या, "चल, त्या वाट बघत असतील."

बाहेर आल्यावर मी नियमाचं बोट धरलं. मोबाईल नंबर खातेदाराचा स्वतःचा हवा. हा नाही, अर्ज परत. पाचांपैकी तीन एफडी, साडेअकरा लाखांच्या, लेकीसोबत जॉइंट. मुदतीआधी मोडायला दोघींच्या सह्या. ताईंचा गोडवा तिथे जरा उतरला. "माताजी की अपनी मेहनत का पैसा है!" मी म्हटलं, "हो ना, म्हणूनच." उरलेल्या दोन फक्त काकूंच्या नावावर होत्या. सात लाख. त्या थांबवायला माझ्याकडे काही नव्हतं. काकूंनी समोर बसून सही केली, मी पेनल्टी कापून आरटीजीएस पाठवला. नॉमिनीच्या फॉर्मवर मात्र त्यांनी पेन टेकवलं आणि उचललं. "हे पुढच्या वेळी," त्या म्हणाल्या. ताईंनी एकमेकींकडे पाहिलं.

जॉइंट होल्डरची सही हवी म्हणून लेकीला फोन करणं हे माझं कामच होतं. ती पुण्याला. फोनवरच ओरडायला लागली, "मी येते आणि त्यांना पोलिसांत..." मी थांबवलं. म्हटलं, "ताई, त्यांनी आईला आधीच सांगून ठेवलंय की जुनं घर येऊन भांडेल. तुम्ही भांडलात की त्यांचं भाकीत खरं. पैशाचं नाव काढू नका, बाबांबद्दल बोला." हे मला कोणी शिकवलं नव्हतं, लॉकरच्या खोलीतून तेवढंच हाती लागलं होतं. ती आली, तीन आठवडे राहिली. वहीबद्दल कुठल्या दिवशी बोलणं झालं मला माहीत नाही. तीन एफडी अजून शाबूत आहेत. पासबुकात ११०० रुपयेही दर महिन्याला आहेत, आणि काकू गुरुवारी तिकडे जातातही. फोन मात्र पर्समध्ये असतो.

त्याच काळात वाचलं, की दक्षिण अमेरिकेतल्या गयानात एका पंथाच्या ज्या वस्तीत १८ नोव्हेंबर १९७८ ला सामूहिक आत्महत्या आणि हत्यांत नऊशेहून अधिक माणसं मेली, त्या जोन्सटाउनमधल्या वृद्धांचे सरकारी पेन्शनचे चेकही थेट संस्थेकडे जात. आमच्याकडे तसं काही घडणार होतं असं मी म्हणत नाही. पण बँकेत बसणाऱ्याला ते वाक्य वेगळं लागतं.

उरलेल्या चौघींना आम्ही पत्रं पाठवली, मोबाईल नंबरच्या पडताळणीसाठी स्वतः यावे म्हणून. दोन पत्रं परत आली, पत्त्यावर कोणी नाही. दोघी आल्या. एकीचा नंबर बदलून झाला. दुसरी आजी काकूंहून मोठी, कानानं कमी, तिच्या दोन्ही बाजूंना त्याच बदामी साड्या. मी वाकून, जरा मोठ्यानं विचारलं, "आजी, लॉकर उघडायचाय का?"

ती हसली. "मला कुठला गं लॉकर," म्हणाली.