आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आणि फाइलवरचा लाल शेरा

आई आता काठी न घेता सोलापूरच्या नवी पेठेत खरेदीला जाते. तरी त्या हॉस्पिटलचं नाव निघालं की माझं डोकं अजून तापतं.

आयुष्यभर मांडी घालून विड्या वळल्या, गुडघे पार झिजलेले. म्हणून गुडघ्याचा सांधा बदलायचं ठरलं. रक्त, लघवी, शुगर, दात, सगळ्या तपासण्या सुरळीत पार पडल्या. भरतीच्या फॉर्मवर सिस्टरनं विचारलं, "कशाची अ‍ॅलर्जी?" आई म्हणाली, "पेनिसिलिनची." लाल पेनानं शेरा पडला आणि तिथंच गाडी अडली.

सांधा बदलताना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून सहसा सिफाझोलिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतात, मोठ्या माणसाला साधारण २ ग्रॅम, चिरा देण्याआधीच्या ६० मिनिटांत. ते पेनिसिलिनच्या भाऊबंदांतलं, म्हणून शेरा दिसला की सगळे बिचकतात आणि व्हॅन्कोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिककडे वळतात. ते हळूहळू सलाइनमधून द्यावं लागतं, म्हणून बरंच आधी सुरू करावं लागतं. शिवाय असा शेरा असलेल्यांना दुसरी औषधं मिळतात आणि त्यांच्यात जखमेचा संसर्ग जास्त आढळतो. धातूच्या सांध्यावर जंतूंचा थर बसला की औषध आत पोचत नाही, कधी सांधाच काढावा लागतो. एवढं कळल्यावर मी गप्प कशी बसणार?

हाडाचे डॉक्टर म्हणाले, भूलवाले ठरवतील. भूलवाले म्हणाले, फिजिशियनचं पत्र आणा. फिजिशियनची ओपीडी रोज नाही. काउंटरवर म्हणाले, अ‍ॅलर्जीचा जुना कागद आणा. तो कुठून आणू? ज्यांनी सांगितलं ते डॉक्टर दवाखाना बंद करून केव्हाच गेले. उन्हाळ्यात सात रस्ता चौकातून रिक्षानं खेटे घालताना आईचा पाय सुजायचा. आणि एवढ्या माणसांत "तेव्हा नेमकं काय झालं होतं?" असं एकानंही तिला विचारलं नाही.

शेवटी फिजिशियन मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. अंगावर पित्त उठलं? ओठ सुजले? दम लागला? आई म्हणाली, "न्हाई ओ, नुसतं मळमळलं अन् जुलाब लागले." मी पिशवीतनं दाताच्या डॉक्टरांची चिठ्ठी काढली. दाढ काढली तेव्हा अ‍ॅमॉक्सिसिलिनचा पूर्ण कोर्स झाला होता, काही त्रास नाही. मॅडमनी त्या नावावर बोट ठेवलं. "हे पेनिसिलिनच आहे. पचलं ना? मग अ‍ॅलर्जी नाही." तसं लिहून सही केली. कॉम्प्युटरवरचा शेरा मात्र "आता बदलता येत नाही" म्हणे. तो बदलेपर्यंत मी काउंटर सोडला नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे.

तेव्हा जुन्या चिठ्ठ्या टाकू नका. पण खरोखर ओठ सुजले असतील, दम लागला असेल तर लपवू नका, तिथं डॉक्टर सांगतील तेच. घरी गुडघ्यावर ब्लेड फिरवू नका, बारीक कापलं तरी जंतूंना वाट मिळते. ऑपरेशनच्या वेळी रक्तप्रवाह थांबवायला मांडीला पट्टा बांधून फुगवतात, त्याआधी अँटिबायोटिकचं इंजेक्शन पूर्ण गेलेलं हवं, हे मला नंतर कळलं. नातेवाईक "आठवडाभर गोळ्या मागून घ्या" म्हणत होते, पण टाके घातल्यावर २४ तासांपुढं अँटिबायोटिक देऊन सहसा जास्तीचा फायदा होत नाही.

आणि डिस्चार्ज कार्डावर "पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नाही" असं लिहून घ्या. आईचा डावा गुडघा अजून व्हायचाय.