दहा सेंटीमीटर

मृग लागला की मला फोन सुरू होतात. "मॅडम, पेरू का?" मी कृषी खात्यात नाही. सामाजिक मानसशास्त्र शिकले आणि आता यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या काही गावांत काम करते. पावसाचा भरवसा उरला नाही की गावाच्या मनावर काय येतं आणि अशा वेळी लोक कोणाचं ऐकतात, हा माझा विषय आहे. गावांची नावं इथे लिहिणार नाही. लोकांनी विश्वासाने सांगितलेलं आहे सगळं.

पहिल्या वर्षी मी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली घेऊन फिरत होते. नैराश्य मोजायचे नऊ प्रश्न, 0 ते 27 गुण. एका घरी काकू चुलीसाठी तुराट्या मोडत बसल्या होत्या. मी विचारलं, गेल्या दोन आठवड्यांत काम करण्यात रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "रस वाटो का न वाटो, काम तं करा लागते वो मॅडम." मी शून्य लिहिला. पुढच्या बहुतेक प्रश्नांनाही शून्यच. कागद पिशवीत घातला, चहा आला, तेव्हा त्या आपणहून बोलल्या. "पोराचा बाप रातीतून तीनदा उठते. अंगणात जाऊन आभाळ पायते अन् परत येऊन झोपाचं सोंग करते. मीबी सोंगच करतो. घोर लागते जीवाले."

घोर. माझ्या कागदावर हा शब्द कुठेच नव्हता. प्रमाणित प्रश्नावलीतले शब्द आपल्या मनाने बदलता येत नाहीत, बदलले तर इतर ठिकाणच्या आकड्यांशी तुलना करता येत नाही. म्हणून ती तशीच ठेवली आणि तिच्या आधी आमचे तीन प्रश्न जोडले: जीवाला घोर आहे का, रात्री आभाळ बघायला उठता का, पारावर जाणं कमी झालं का. आता लोक पहिल्या प्रश्नालाच बोलू लागतात. कधी कधी पुढचे नऊ प्रश्न विचारायला संध्याकाळ होते.

अर्थतज्ज्ञ टॅमा कार्लटन यांचा 2017 साली आलेला अभ्यास मी अनेकदा काढून वाचते. त्यांनी भारतातले आत्महत्यांचे अनेक वर्षांचे आकडे तपासले. तापमान 20 अंशांच्या वर असताना एखाद्या दिवशी ते आणखी एका अंशाने वाढलं, तर देशात सरासरी सुमारे 70 आत्महत्या वाढतात, आणि हे फक्त पिकाच्या हंगामात दिसतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 वर जातो, तेव्हा हा संबंध दिसत नाही. म्हणजे उन्हाची वाट वावरातून जाते. हे वाचलं त्या दिवशी मला बाबा आठवले. एका वर्षी त्यांनी पहिल्याच सरीवर सरकी टोबली, मग पावसाने खंड दिला आणि दुबार पेरणी करावी लागली. बियाण्याचे पैसे उसने आणले. त्यानंतर त्यांनी पारावर जाणं सोडलं. जेवताना अर्धी भाकरी परत ठेवायचे. आई म्हणायची, उन्हानं भूक मेली असेल. मी तेव्हा मानसशास्त्रातच एम.ए. करत होते आणि मलाही तसंच वाटलं. हे मला अजून टोचतं.

पुढाऱ्यांबद्दल विचारायला मी निघाले तेव्हा सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे संचालक अशी यादी तयार ठेवली होती. "अडचणीच्या वेळी कोणाचं ऐकता?" या प्रश्नाला एका गावात भलतंच नाव यायला लागलं. बचत गटातल्या एक विधवा बाई, अडीच एकर कोरडवाहू, पद कोणतंच नाही. त्यांच्या अंगणात दगडांच्या आधाराने एक स्टीलचा डबा ठेवलेला असतो, वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा. रोज सकाळी साडेआठला नातवाची शाळेतली पट्टी बुडवून पाणी मोजायचं, आकडा भिंतीवर खडूने लिहायचा, डबा रिकामा करून परत ठेवायचा. बेरीज दहा सेंटीमीटर, म्हणजे 100 मिलिमीटर झाल्याशिवाय गटातल्या कोणी पेरायचं नाही, असं सगळ्यांनी बसून ठरवलेलं.

75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या, हे कृषी खात्याची माणसं दरवर्षी सांगतात. गावात सगळ्यांना पाठ आहे. मग थांबत का नाहीत? त्या बाईंनीच समजावलं. "बाजूच्या वावरात पेरणीचा सरता चालला का आपल्याले घरात बसवत नाही. एकटीच्यानं थांबनं होत नाही. सगळे थांबले तं मीबी थांबतो."

मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत गृहिणींवर केलेला प्रयोग आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मांसाचा तुटवडा होता, काळीज-गुर्दा घरी शिजवा असं पटवायचं होतं. नुसतं भाषण ऐकलेल्यांपैकी 3 टक्के बायकांनी ते करून पाहिलं. गोल बसून आपसांत ठरवलेल्यांपैकी 32 टक्क्यांनी. परीक्षेत मी हे आकडे लिहून गुण मिळवले होते, पण कळले ते त्या अंगणात. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे गाव सगळे निर्णय सर्वसहमतीने घेतं, तिथेही हीच ताकद असावी असं मला वाटतं.

मनाच्या उपचारांतही गावातलंच माणूस लागतं. अमरावती जिल्ह्यात 30 गावांमध्ये 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच लोकांना शिकवून घरोघरी पाठवलं. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. एवढं झाल्यावरही शंभरातले सत्तरहून जास्त जण एकटेच राहिले, ही बाजू मला सोडवत नाही. म्हणून यंदा आशाताईंना आणि गटातल्या बायकांना आमचे ते तीन प्रश्न शिकवायचे आहेत. घोर लागलेल्या माणसाला दवाखान्यापर्यंत सोबत कोण करणार, हेही त्याच बैठकीत ठरवू.

डब्याची गोष्ट बाबांना सांगितली होती. तेव्हा काही बोलले नाहीत. यंदा आईचा शेवयांचा डबा त्यांनी अंगणात नेऊन ठेवला. सकाळी साडेआठनंतर त्यांचा फोन येतो. आज म्हणाले, "सहा झाले. शेजारच्यालेबी बोलावून दाखवला. थो थांबतो म्हणते."