मलप्रभेत पोहणाऱ्यांनी समुद्रात उतरण्यापूर्वी

सलग सुट्ट्या आल्या की बेळगाव-खानापूरकडच्या गाड्या चोर्ला घाटाने गोव्याकडे आणि आंबोली घाटाने वेंगुर्ला-मालवणकडे उतरू लागतात. त्यांतली तरुण मंडळी पोहायला शिकलेली असतात ती शेतातल्या विहिरीत किंवा मलप्रभेच्या डोहात, आणि पाण्याची भीती गेली म्हणजे समुद्रही आपलाच, असा त्यांचा समज असतो. एप्रिल 2017 मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे आठ विद्यार्थी बुडाले. तो महिना पावसाळ्याचा नव्हता, हे आपल्याकडच्या पालकांनी विसरू नये.

लाटा किनाऱ्याकडे सतत पाणी लोटत असतात आणि ते पाणी कुठून तरी परत जावेच लागते. किनाऱ्यापुढे पाण्याखाली वाळूचे बांध असतात. त्यांवर लाटा फुटतात आणि आत साचलेले पाणी बांधातल्या खिंडीतून वेगाने बाहेर पडते. हाच रिप करंट. त्याचा वेग बहुधा सेकंदाला अर्धा ते एक मीटर असतो, पण तो दोन मीटरांच्या पुढेही जाऊ शकतो, आणि तेवढ्या वेगाविरुद्ध कसलेला जलतरणपटूही फार वेळ टिकत नाही. हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, केवळ बाहेर नेतो. माणूस बुडतो तो बहुधा किनाऱ्याच्या दिशेने झुंजून दमल्यामुळे.

नदीत वाहून जाऊ लागलो तर प्रवाहाशी न भांडता आडवे कापत काठ गाठायचा, हे आपल्याकडे पोरांना लहानपणीच शिकवतात. तेच शहाणपण समुद्रातही चालते. फक्त काठ कोणता, हे तिथे उलगडत नाही. रिप करंट ही समुद्राकडे वाहणारी अरुंद नदी मानली, तर तिचे काठ डावीकडे आणि उजवीकडे आहेत, समोर दिसणारी वाळू हा तिचा काठ नव्हे. म्हणून आधी पाठीवर तरंगून श्वास सावरावा, मग किनाऱ्याला समांतर पोहून ओढीतून बाहेर पडावे आणि जिथे लाटा फुटताना दिसतात तिथून तिरपे परतावे. समांतर पोहूनही ओढ सुटत नसेल, तर ताकद न घालवता तरंगत राहावे आणि हात वर करून ओरडावे.

ओळखायचे कसे, हे मला एका मालवणी मच्छीमार काकांनी दाखवले. दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटत होत्या आणि मधला पट्टा शांत, काळपट हिरवा दिसत होता. आमच्यातली मुले नेमकी तिकडेच निघाली होती. ‘थंय जाव नकात, थंय पानी भायर ओढता,’ ते म्हणाले आणि त्यांनी पाण्यावरच्या नारळाच्या सोडणाकडे बोट केले. बाजूची सोडणे लाटांबरोबर वाळूवर येऊन पडत होती. त्या पट्ट्यातले मात्र फेसासकट सावकाश बाहेर चालले होते. तेव्हापासून पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटे उंचावर उभे राहून पाणी पाहायचे, हा आमचा शिरस्ता आहे. खडकांच्या कडेला आणि खाडीच्या मुखाशी अशी ओढ बहुतेक कायमचीच असते, त्यामुळे तिथे पाहत न बसता उतरणेच टाळावे.

निघण्याच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा सागरी अंदाज अवश्य पाहावा. त्यात दिलेली लाटेची उंची ही सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, म्हणजे एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट निघू शकते. उंचीइतकेच दोन लाटांमधल्या सेकंदांकडे लक्ष द्यावे: चौदा-पंधरा सेकंदांनी येणारी लाट दूरच्या वादळातून आलेली असते, आणि दिसायला बेताची असली तरी तिच्यात जोर फार असतो. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिण हिंदी महासागरातून अशा लाटा येतात, तेव्हा आपल्याकडे आभाळ निरभ्र असते आणि वाराही पडलेला असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी खोलवर जाते, आणि ओहोटीच्या सुमारास ही ओढ बहुधा अधिक तीव्र होते. पहाटे बेळगावहून निघालेली मंडळी पोचता पोचता उन्हे चढतात, त्यामुळे त्या दिवसाची ओहोटी नेमकी किती वाजता आहे, ते घरूनच पाहून निघालेले बरे.

जीवरक्षक असतील त्याच किनाऱ्यावर, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरावे. लाल झेंडा असेल तर पाय भिजवण्यापलीकडे जाऊ नये. कोणी ओढला गेल्यास मित्रांनी हातात हात धरून साखळी करू नये, कारण अशा साखळीतले बरेचदा एकामागून एक जातात. घट्ट बूच लावलेला रिकामा कॅन किंवा फुगवलेली ट्यूब त्याच्याकडे फेकावी, एकाने त्याच्यावरची नजर हलवू नये आणि दुसऱ्याने 112 लावून किनाऱ्याचे नाव व जवळची खूण सांगावी. नाकातोंडात पाणी गेलेला माणूस हिंडता-फिरता दिसला तरी घाट चढण्याआधी त्याला तिथल्याच डॉक्टरांना दाखवावे. त्रास कधी कधी काही तासांनी वाढतो आणि चोर्ल्यात मोबाइलला रेंजही धड मिळत नाही.